अंगठा नसलेलं घड्याळ

हे सगळं घडलं २०२३ सालच्या फेब्रुवारीत. मला तेव्हा शहात्तर पूर्ण झाली होती आणि डोळ्याच्या ऑपरेशनला दोन महिने झाले होते. नव्या भिंगातून मला दूरचं इतकं स्वच्छ दिसत होतं, की तीन घरं पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवरचे जिरे मी मोजू शकले असते. डोळ्यांचं मुद्दाम सांगितलं, कारण पुढे त्यांचं काम आहे.

दिग्रसच्या बाहेर पुसद रस्त्याला एक लेआऊट पाडलेलं आहे. मुरूम टाकून जमीन सपाट केली, दगड रोवले, पण प्लॉट काही विकले गेले नाहीत. त्या मोकळ्या जागेवर माझा नातू आयुष आणि त्याच्या दोस्तांनी दोन वर्षांपासून एक खेळ सुरू केला होता. त्याला ते ऑटोक्रॉस म्हणत. तेलाचे रिकामे डबे केशरी रंगवून वाकडीतिकडी वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि सगळ्यात कमी वेळात कोण वाट पुरी करतो ते पाहायचं. डबा पाडला तर दोन सेकंद वाढवायचे. गाड्या घरच्याच, जुन्यापान्या. कोणाच्या गाडीत मागच्या सीटवर सोयाबीनचे दाणे सांडलेले, कोणाच्या डिकीत फवारणीचा पंप.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मी म्हटलं, हा तर पट आहे. आमच्या वऱ्हाडातल्या शंकरपटातही एका वेळी बैलांची एकच जोडी धावते. बाजूला दुसरी जोडी नसते, समोर फक्त घड्याळ असतं. आणि ते घड्याळ आमच्या भागात पंधरा वर्षं माझ्या वडिलांच्या, भगवानरावांच्या, हातात होतं. यवतमाळच्या एका ड्रिल मास्तरांकडून त्यांनी ते घेतलं होतं. सेकंदाचे पाच भाग दाखवणारं, जाड काचेचं. पटाच्या सकाळी ते मला जवळ बसवत आणि घड्याळ माझ्या कानाला लावत. टिक-टिक-टिक-टिक-टिक, पाचव्या टिकेला मी त्यांच्या मांडीवर बोट आपटायचं. सात-आठ वर्षांची होते मी. तो ठेका पुढे अंगातच बसला. अजूनही कुकरच्या शिट्टीची वाट पाहताना माझं बोट आपोआप मांडीवर पडतं.

ते घड्याळ १९६३ साली ट्रंकेत गेलं. त्या वर्षी बंजारा तांड्यावरच्या हिरासिंग नायकांची जोडी सेकंदाच्या एका पाचव्या भागाने दुसरी आली आणि पहिली जोडी निघाली आमच्या चुलत्यांची. हिरासिंग भर पटावर म्हणाले, “भगवानराव, तुमचा अंगठा घरच्याइकडं जड पडते.” वडील तसेच पटावरून निघाले. घरी आले, घड्याळ फडक्यात गुंडाळलं, आणि मरेपर्यंत पुन्हा पटावर गेले नाहीत. एकदाच मला म्हणाले, “मैना, मी बराबरच दाबलं. पण मलेच आता खात्री नाही.”

तर साठ वर्षांनी तेच झालं. २०२२ च्या शर्यतीत स्टॉपवॉच होतं माझ्या नातीच्या, निकिताच्या हातात. ती आयुषची चुलत बहीण. यवतमाळला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, मोजून बोलणारी पोरगी. आयुष पहिला आला आणि पाच शतांश सेकंदाने दुसरा आला भारत, हिरासिंगांचा नातू. भारत भांडला नाही. त्याचे वडील रूपसिंग माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, “बाई, अंगठा यंदाबी घरचाच होता.”

चौदा गाड्यांपैकी सहा तांड्यावरच्या. भारतने नंतर निरोप धाडला, की अंगठा नसलेलं घड्याळ आणलं तर येऊ, नाहीतर राम राम. पण सहा गाड्या जातील याचं निकिताला तेवढं दुःख नव्हतं. तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती मला म्हणाली, “आजी, मी बराबर दाबलं होतं ना?”

“मले काय माहीत बाई? तुले माहीत आहे का?”

“नाई ना. तेच तर. लोक खोटारडी म्हणतात ते म्हणू दे. पण मले स्वतःलेच सांगता येऊन नाई राह्यलं.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. वडिलांचं वाक्य मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. तिने ते कुठून उचललं?

जानेवारीभर आमच्या घरात घड्याळं आली आणि गेली. आधी तिने मोबाईलमधलं ॲप आणलं, आकाशातल्या उपग्रहाला विचारून वेळ सांगणारं. आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो आणि ॲप म्हणत होतं, की आम्ही शेजाऱ्याच्या गोठ्यात आहोत. “पंधरा पावलांची चूक,” निकिता म्हणाली, “आणि आपल्याले हवा बोटभर हिशेब.” मग तारेचं आलं. दोन टोकांना दोन यंत्रं, मध्ये लांबच लांब तार. लेआऊटवर ती अंथरली आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर शेळ्यांनी तिचे तीन तुकडे केले होते. आयुष हसून लोटपोट. म्हणाला, “त्यापेक्षा दोन मोठ्या ट्रॉफ्या आणू. घड्याळाचा फोटो कोणी काढते का?”

“तू गप रे,” निकिता म्हणाली. “तुले ट्रॉफी भेटली म्हणून तुले सुचते.”

शेवटी वायरलेस दोन संच तपासायला मागवले, एक नागपूरहून, एक पुण्याहून. दोन्ही दिसायला सारखेच. तिपाईवर एक काळा डोळा आणि समोरच्या बाजूला आरशासारखी चकती. डोळ्यातून निघालेला प्रकाश चकतीवर आपटून परत येतो आणि मध्ये काही आडवं गेलं की डोळ्याला कळतं. तो प्रकाश आपल्याला दिसत नाही. मी हात घालून पाहिला. ऊन नाही, झुळूक नाही, काही नाही. आणि टेबलावर ठेवलेला, आकडे दाखवणारा डबा टुक करून बोलला.

निकिताने जिन्याच्या कठड्याला एक डोळा बांधला, खालच्या पायरीजवळ दुसरा. मग फळांच्या टोपलीतलं एक संत्रं घेतलं आणि वरच्या डोळ्याच्या अगदी वर धरून सोडलं. डब्यावर आकडे उमटले. सेकंदाचे पाचशे त्रेपन्न हजारांश.

“हजारांश म्हणजे?” मी विचारलं.

“एका सेकंदाचे हजार तुकडे केले, आजी. त्यातले पाचशे त्रेपन्न लागले संत्र्याले खाली यायले.”

मी ट्रंक उघडली आणि फडक्यातून वडिलांचं घड्याळ काढलं. चावी दिली. साठ वर्षांनी ते चालू झालं. दहा वेळा निकिताने संत्रं सोडलं, दहा वेळा मी दाबलं. माझं घड्याळ कधी दोन टिका म्हणालं, कधी चार, एकदा तर मी दाबलंच संत्रं पडल्यावर. तिचा डबा म्हणत होता पाचशे त्रेपन्न, पाचशे चौपन्न, पाचशे त्रेपन्न. संत्रं फुटून रस पायरीवर ओघळला तरी तो म्हणत होता पाचशे त्रेपन्न. मी जिन्यावरच बसले. जगाच्या आरंभापासून संत्री झाडावरून पडत आली, इतक्या नेमानं पडत आली, आणि ते आम्हाला कधी दिसलं नाही. दिसायला आमचा अंगठा आड येत होता. ते फुटलेलं संत्रं आम्ही दोघींनी वाटून खाल्लं.

मग खरी निवड झाली ती लेआऊटवर. नागपूरचा संच छान चालला, पण आयुषने मध्ये ट्रॅक्टरची ट्रॉली आणून उभी केली आणि त्याचा वेळ भरकटला. निकिताने दहादा पाहिलं आणि म्हणाली, “आजी, याचे डोळे नुसते ओरडतात. घड्याळ डब्यात आहे. ओरड डब्यापर्यंत उशिरा पोचली, की वेळ वाढला.”

“म्हणजे शिट्टी,” मी म्हणाले.

“काय?”

“तुझे पणजोबा शिट्टीवर कधी घड्याळ दाबत नव्हते. पलीकडच्या टोकाला झेंडी पडायची, ती पाहून दाबायचे. म्हणत, शिट्टी वाटेत रेंगाळते.”

निकिताने लगेच दुसरा संच पुढे ओढला. “आजी, मग हा पुण्याचा पाह्य. याच्या प्रत्येक डोळ्याजवळ स्वतःचं घड्याळ आहे. सकाळी दोघांले शेजारी ठेवून घड्याळं जुळवायची, मग दूर न्यायचे. काही आडवं गेलं, की डोळा तिथल्या तिथं वेळ लिहून ठेवते आणि मग निरोप धाडते. निरोप संध्याकाळी आला तरी वेळ तोच. आणि जितक्या वेळा आडवं जाईल तितक्या वेळा लिहिते. पुसत नाई.”

“मग तर तो साक्षीदार झाला,” मी म्हणाले.

ट्रॉफ्या लहान आल्या आणि पुण्याचा संच राहिला. निकिता स्वतः तांड्यावर जाऊन भारतला डोळे दाखवून आली. तो येतो म्हणाला.

शर्यत रविवारी सकाळी होती. चौदाच्या चौदा गाड्या आल्या. माझी खुर्ची सुरुवातीच्या रेषेच्या बाजूला, कडुलिंबाच्या सावलीत होती. शेजारी रूपसिंग येऊन बसले, गुडघ्यावर काठी आडवी ठेवून. “बाई, तुमची पोट्टी म्हणते, यात अंगठा नाई.”

“नाही. डोळा आहे.”

“पाहू. डोळाबी कोणाचा तरी असते.”

एकेक गाडी सुटत होती. गाडी रेषेच्या चार पावलं मागे उभी राहायची, निशाण पडलं की निघायची. आणि गाडी निघाली की तिचे दोस्त हो-हो करत मागून पळत सुटायचे, पत्र्यावर थापा मारत. हे कोणी शिकवलं नव्हतं. पटावर बैल सुटताना माणसं अशीच मागून पळतात. यांच्या बापांनी तेच केलं, आजोबांनी तेच केलं. बहुतेक जण रेषेपाशी थांबत होते. आणखी एक गोष्ट निकिताने केली होती. एखाद्याची जुनी गाडी रेषेवरच बंद पडली तर बिचाऱ्याचा वेळ वाया जाऊ नये, म्हणून तिने यंत्राला सांगितलं होतं, की पुन्हा आडवं गेलं तर वेळ नव्याने धर. दया म्हणून केलं होतं.

शेवटच्या फेरीत दोघंच उरले, भारत आणि आयुष. आधी भारत. काय चालवली त्याने! डब्यांच्या इतक्या जवळून, की धुळीने डबे हलत होते पण पडत नव्हते. माझं बोट मांडीवर पडत होतं. चव्वेचाळीस पुरे झाले आणि पंचेचाळिसावं उचललं तेव्हा तो शेवटची रेषा ओलांडून गेला. फलकावर आलं, ४४.३१८. रूपसिंगांची काठीवरची बोटं सैल झाली.

मग आयुष. अंकुर आणि गोपाल, त्याचे दोन जिवलग, गाडीच्या मागे उभे. निशाण पडलं, गाडी उसळली आणि हे दोघे जिवाच्या आकांताने मागे पळाले. धुरळ्यात मला त्यांच्या चपला दिसल्या. एकाची निळी, एकाची तपकिरी. पांढऱ्या रेषेच्या पलीकडे. माझं बोट चालूच होतं. चव्वेचाळीस पुरे झाले, पंचेचाळिसावं उचललं, आयुष आला. भारतसारखाच. अगदी भारतसारखाच.

फलकावर आलं, ४३.०९५.

पोरांनी आयुषला खांद्यावर घेतलं. भारतने हेल्मेट काढून गाडीच्या टपावर ठेवलं आणि तो डबे पाहत उभा राहिला. रूपसिंग उठले. “चाल रे भारत. घड्याळ नवं आहे, बाकी सगळं जुनंच.”

निकिता टेबलामागे उभी होती. तिचा चेहरा उजळला नव्हता, पडलाही नव्हता. ती फलकावर विश्वास ठेवत होती. मी काठी घेऊन तिच्यापर्यंत गेले. पन्नास पावलं असतील. त्या पन्नास पावलांत माझ्या मनात आलं, की गप्प बसावं. माझाच नातू जिंकला आहे आणि आता यंत्र चुकलं असं ऐकलं, तर ही पोरगी पुन्हा कधी घड्याळाला हात लावायची नाही. मग वडिलांची ट्रंक आठवली.

“निकिता, हा वेळ खरा नाही. माझ्या बोटाले दोघं सारखे लागले.”

“आजी, बोट काय म्हणते...”

“बोट सोड. मी चपला पाहिल्या. रेषेच्या पुढं.”

आयुष खांद्यावरूनच ओरडला, “आजी, तू कोणाइकडून आहे?”

“घड्याळाइकडून,” मी म्हणाले.

निकिताच्या लक्षात आलं. पुन्हा आडवं गेलं तर वेळ नव्याने धर, हे तिनेच तर यंत्राला सांगितलं होतं. तिने माईक घेतला. “थांबा सगळे. चूक झाली आहे. यंत्राची नाई, माझी.”

सगळे गोळा झाले. कोणीतरी म्हणालंच, “हे पाहा, आता मशीनमध्येबी अंगठा!” तिने ऐकलं आणि पुढे बोलत राहिली. दया म्हणून काय केलं, मागून पळणाऱ्यांचं ध्यानात कसं आलं नाही, सगळं सांगितलं. मग सुरुवातीच्या डोळ्यातली नोंद उघडून तिने लॅपटॉपचा पडदा भारतकडे फिरवला. फक्त भारतकडे.

तिथे चार ओळी होत्या. पहिली, गाडीचं नाक. मग आठशे अकरा हजारांश सेकंदांनी एक. मग नऊशे बासष्टला एक. आणि पहिलीपासून एक सेकंद दोनशे चौतीस हजारांशांवर शेवटची. तिथून यंत्राने वेळ नव्याने धरला होता.

रूपसिंगांनी चष्मा पुसून लावला. एकेका ओळीवर बोट ठेवलं. “हे पाय आहेत?”

“हो, काका.”

“कोणाचे?”

“माझे असतील,” अंकुर मागून म्हणाला. “शेवटचा गोपालचा. तो मोटा आहे, मागं राहते.”

हशा झाला, पण भारत हसला नाही. म्हणाला, “पुन्हा पळा.” अंकुर आणि गोपाल गाडीशिवाय, हो-हो करत पुन्हा रेषेवरून पळाले, आणि पडद्यावर एकामागून एक ओळी उमटल्या. रूपसिंग त्या उमटताना पाहत होते. मीही पाहत होते. माणसाचा पाय मुरमावर टेकून उचलतो, धूळ खाली बसते, काही उरत नाही. आणि हा डोळा म्हणत होता, उरतं. धुरळ्यातलं एकेक पाऊल त्याने जपून ठेवलं होतं, कोणी विचारेल म्हणून.

निकिताने पहिली ओळ धरून हिशेब केला. आयुषचा खरा वेळ ४४.३२९. भारतचा ४४.३१८. अकरा हजारांश.

आयुष खाली उतरला. फलकाकडे पाहून म्हणाला, “भारत, अकरा हजारांश! याले हरणं म्हणतात का बे?”

“मागच्या साली पाच शतांशानं हरलो होतो,” भारत म्हणाला, “तवा तूच म्हणे, हरणं थे हरणं.”

आता मात्र तो हसला. ट्रॉफी घेताना निकितासमोर क्षणभर थांबला. “निकिता, मागच्या सालचं जाऊ दे आता.”

“मी नाई जाऊ देत,” ती म्हणाली. “मले अजूनही माहीत नाई.”

“मलेबी नाई,” तो म्हणाला. “पण तुले जे माहीत होते, थे तू सांगतलं.”

लोक पांगल्यावर मी आणि रूपसिंग कडुलिंबाखाली बसलो होतो. १९६३ ला ते दहा वर्षांचे होते, पटावर बापाच्या बैलांना पाणी दाखवत होते. मी विचारलंच. “रूपसिंग, तेव्हा माझ्या वडिलांनी बरोबर दाबलं होतं का?”

त्यांनी काठीने मुरूम उकरला. “बापू म्हणे, भगवानरावचा अंगठा जड. याडी, म्हणजे माय, म्हणे, तुमचा डावा बैल सुस्त. दोघंबी गेले. त्या घड्याळात काही लिहून राहत नव्हतं, बाई.”

यापुढचं थोडक्यात. भारत त्यानंतर एस.टी.त चालक म्हणून लागला. दिग्रस-पुसद गाडीवर असतो. त्याच्या गाडीत चढल्यावर डोळे मिटले तर वळण कळत नाही, असं बायका सांगतात. २०२४ ला आयुष जिंकला, पण भारतला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून आयुष त्या ट्रॉफीला अर्धी ट्रॉफी म्हणतो. त्याचं आता टायरचं दुकान आहे. अंकुर आणि गोपालला दर वर्षी एकच काम दिलं जातं. रेषेच्या दहा पावलं मागे दोरी धरून उभं राहायचं आणि कोणालाही पळू द्यायचं नाही. गोपाल त्यात फार कडक आहे. रूपसिंग मागच्या पोळ्यानंतर वारले. मी तांड्यावर गेले होते, तेव्हा मानीबाईंनी, त्यांच्या बायकोने, सांगितलं, की जाईपर्यंत ते नातवंडांना सांगत होते, पायाचीही नोंद राहते, नीट चाला.

निकिता नागपूरला वजनकाटे तपासणाऱ्या एका कंपनीत आहे. पण पटाच्या हंगामात ती रजा काढून येते. बैलांच्या शर्यतींवरची बंदी उठल्यापासून आमच्याकडे शंकरपट पुन्हा भरतात आणि उमरखेडपासून इकडे तिचे दोन डोळे तिपायांवर उभे असतात. तिथेही माणसं बैलांमागे पळतातच. ते ती थांबवत नाही. पहिली ओळ धरते, बाकीच्या ओळी राहू देते.

वडिलांचं घड्याळ मी तिला देऊन टाकलं. तिने ते आपल्या यंत्राच्या डोळ्यांशेजारी ठेवून एक दिवस तपासलं आणि मला फोन केला. एका तासात एका टिकेचाही फरक नव्हता. “आजी, घड्याळ खरं होतं,” ती म्हणाली. अंगठ्याबद्दल ती काही बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.